जरा जोर लावून बघा की!

दोन वस्तू कुणाला उसन्या देऊ नयेत, अशी जुन्या टर्नर मंडळींची शिकवण असे: एक, स्वतःच्या हाताने घासलेलं टूल आणि दुसरा, स्वतःचा मायक्रोमीटर. पैसे द्या, सायकल द्या, डब्यातली भाकरी तर द्याच. पण मायक्रोमीटर मागणारा दिसला की आपल्या पेटीचं कुलूप एकदा चाचपून बघा. टूल बोथट होऊन परत येतं, ते पुन्हा घासता येतं. मायक्रोमीटर परत येतो तो जाम होऊन, आणि आणून देणारा वर सांगतो, "मामा, तुमचा मायक्रोमीटर जरा हार्ड चालतोय हां!"

'जरा हार्ड' ही कारखान्यातली सभ्य भाषा आहे. पेशंटची आशा सुटल्यावर डॉक्टर 'थोडं क्रिटिकल आहे' म्हणतात, तसलाच हा प्रकार. प्रत्यक्षात तो मायक्रोमीटर पुढेही सरकत नसतो आणि मागेही हटत नसतो. ठार बसलेला असतो.

ज्यांचा या वस्तूशी कधी संबंध आला नाही, त्यांच्यासाठी थोडी ओळख. इंग्रजी सी अक्षराच्या आकाराची फ्रेम. तिच्या एका टोकाला जागचा न हलणारा अनविल, समोरून पुढे येणारा स्पिंडल. या दोघांच्या मध्ये जॉब धरायचा आणि माप वाचायचं. स्पिंडलच्या मागच्या अंगाला बारीक आटे असतात. बाहेरून थिंबल एक फेरा फिरवलं की स्पिंडल बरोबर अर्धा मिलिमीटर सरकतो. थिंबलवर ५० रेघा. म्हणजे एक रेघ ०.०१ मिलिमीटरची, दहा मायक्रॉनची. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. एका केसात सात घरं वाचणारी ही वस्तू आपण हातोडी, चिंध्या आणि तंबाखूच्या पुडीशेजारी ठेवतो, एवढं ध्यानात घेतलं की पुढच्या हकिकतीचं नवल वाटणार नाही.

हातात मावणारा मायक्रोमीटर पॅरिसच्या झ्याँ लॉराँ पाल्मेर या गृहस्थाने काढला आणि १८४८ साली त्याचं पेटंट घेतलं. १८६७ च्या पॅरिस प्रदर्शनात तो ब्राऊन आणि शार्प या अमेरिकन भागीदारांच्या नजरेस पडला आणि पुढे त्यांनी तो आपल्याकडे बनवायला घेतला. त्याच्याही आधी, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला, लंडनच्या हेन्री मॉडस्लेने टेबलावर ठेवायचा एक मायक्रोमीटर केला होता. त्याचं नाव 'लॉर्ड चॅन्सेलर'. मापावरून वाद झाला की शेवटचा निकाल त्याचा, म्हणून हे नाव. आपल्याकडे निकाल फोरमन देतो. मायक्रोमीटर फक्त साक्षीला असतो, आणि साक्ष सोयीची नसेल तर 'त्याला एरर आहे' म्हणून उलटवली जाते.

या वस्तूतला सगळ्यात शहाणा भाग म्हणजे रॅचेट. थिंबलच्या शेपटाशी ही छोटी मूठ असते. स्पिंडल जॉबला टेकला की ती कट्-कट्-कट् करत नुसतीच फिरते, पुढे दाब वाढू देत नाही. दाब ठरलेला: पाच ते दहा न्यूटन, म्हणजे आपल्या हिशेबात अर्धा ते एक किलोचा भार. ही सोय करावी लागली, कारण 'हलक्या हाताने' म्हणजे किती, यावर कोणत्याही दोन माणसांचं एकमत होत नाही. तालमीत जाणाऱ्या टर्नरचा जॉब नेहमी दोन घरं बारीक भरतो आणि नवीन लागलेल्या ॲप्रेंटिसचा तोच जॉब दोन घरं जाड. रॅचेट हा माणसाच्या हातावर कायमचा मंजूर करून ठेवलेला अविश्वासाचा ठराव आहे.

साहजिकच आपण रॅचेटला हात लावत नाही. थेट थिंबलच पकडतो. कारण विचारलं तर उत्तर तयार असतं: "रॅचेटनं फील येत नाही." आता हा फील काय असतो बघा. थिंबलचा घेर साधारण ५५ मिलिमीटर, आणि एका फेऱ्यात स्पिंडल सरकतो अर्धा मिलिमीटर. म्हणजे बोटांचा जोर कागदावर शंभरपट होतो. त्यातला बराचसा घर्षणात खर्ची पडला, तरी उरलेल्या जोरात फ्रेम काही मायक्रॉन फाकतेच. फील आपल्याला येतो, कळ मायक्रोमीटरला.

मायक्रोमीटर जाम होतो त्याची कारणं मुख्यतः तीन: कामचुकारपणा, टापटीप आणि भक्ती.

कामचुकारपणा म्हणजे त्याचा क्लॅम्प म्हणून वापर. सी आकाराची फ्रेम, मागे स्क्रू आणि वर लॉक दिसला की काही महाभागांना दोन पट्ट्या एकत्र धरून ठेवायला दुसरं काही सुचत नाही. खरा क्लॅम्प दहा पावलांवर खिळ्याला टांगलेला असतो, पण ती दहा पावलं चालणार कोण?

टापटीपीचं दुखणं जास्त चिवट. मायक्रोमीटर डबीत ठेवताना अनविल आणि स्पिंडल यांच्यामध्ये थोडी फट ठेवायची असते. दोन गुळगुळीत तोंडं एकमेकांना चिकटून राहिली की मधे ओल धरते आणि गंज तिथूनच सुरू होतो. शिवाय तापमान बदललं की उगाच ताण बसतो. पण उघडी वस्तू तशीच ठेवून द्यायची, हे आपल्या संस्कारात बसत नाही. दार लावावं, झाकण घट्ट बसवावं, नळ आवळून बंद करावा, हे लहानपणापासून अंगवळणी पडलेलं. त्यामुळे शिफ्ट सुटताना माणूस मायक्रोमीटर शून्यावर आणतो, वर अजून एक पीळ देतो, लॉक लावतो आणि समाधानाने घरी जातो. त्यात हाताचा घाम. घामात मीठ असतं, आणि काहींच्या हाताचा घाम असा जालीम असतो की आज हाताळलेल्या पॉलिश स्टीलवर उद्या बोटांचे तांबूस ठसे उमटतात. गेज सांभाळणारी मंडळी अशा लोकांना ओळखून असतात आणि दारातच हातमोजे देतात. चोरीच्या तपासातही इतके स्वच्छ ठसे मिळत नसतील.

पण या दोन्हींवर कडी करते ती भक्ती. आश्विन शुद्ध नवमी, म्हणजे खंडेनवमी. आयुधांच्या पूजेचा दिवस. लेथच्या चकला झेंडूची माळ पडते, ड्रिल मशीनला आंब्याचं पान, आणि टूलरूममधल्या सरफेस प्लेटवर पांढरं कापड अंथरून त्यावर सगळी हत्यारं मांडली जातात: व्हर्नियर, बोअर डायल, हाइट गेज, मायक्रोमीटर. प्रत्येकाला आधी पाण्याचं बोट, मग हळद, मग कुंकू, मग अक्षता. भक्तीत भेदभाव नसतो. हातोडीला जेवढं कुंकू तेवढंच मायक्रोमीटरला. हातोडीचं त्यात काही बिघडत नाही. मायक्रोमीटरच्या आट्यांमधली फट मात्र काही मायक्रॉनची, आणि हळदीचा कण त्याच्या कित्येक पट जाड. त्यानंतर नारळ वाढवला जातो आणि ते खारट-गोड पाणी सगळ्यांवर श्रद्धेने शिंपडलं जातं. दुसऱ्या दिवशी दसऱ्याची सुट्टी. सुट्टी संपवून माणसं परततात तोवर सुकलेल्या झेंडूखाली मायक्रोमीटर समाधिस्थ झालेला असतो.

मग बातमी पसरते आणि सल्लागार जमतात. जाम मायक्रोमीटर हा असा विषय आहे की त्यावर स्टोअरकीपरपासून कँटीनच्या पोऱ्यापर्यंत प्रत्येकाचं मत असतं. या सल्लागारांचे ढोबळमानाने चार पंथ आहेत.

पहिला जोरपंथ. "जरा जोर लावून बघा की!" हा त्यांचा मूलमंत्र. त्यांची साधनं दोन, व्हाइस आणि पक्कड. फ्रेम व्हाइसमध्ये आवळायची आणि पक्कडीने थिंबल पिळायचं. यात दोनच गोष्टी घडू शकतात. एक तर थिंबल स्पिंडलवर घसरतं आणि शून्य हरवतं, नाही तर आटेच जातात. कोणत्याही परिस्थितीत पक्कडीचे दात थिंबलवर कायमचे उमटतात, म्हणजे ५० रेघांत आणखी आठ-दहांची भर. जोरपंथी यावर म्हणतो, "बघा, हलला!"

दुसरा तेलपंथ. हा त्यातल्या त्यात समंजस, पण त्यात पोटशाखा फार. जुने लोक रॉकेलवाले. रॉकेलने वाळलेलं ग्रीस खरंच सुटतं, त्यामुळे त्यांचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं. तरुण पिढी डब्ल्यूडी-४० वाली. १९५३ साली अमेरिकेत सॅन डिएगोच्या एका छोट्या कंपनीने हा फवारा तयार केला. पाणी हुसकावून लावायचा योग्य मसाला चाळिसाव्या प्रयत्नात जमला, म्हणून नावात ४०, आणि सुरुवातीला तो ॲटलस क्षेपणास्त्राचं अंग गंजू नये म्हणून वापरला गेला. क्षेपणास्त्राला चालतं ते आपल्या मायक्रोमीटरलाही चालेल, हा तर्क गंज सैल करण्यापुरता बरोबर आहे. कायमचं वंगण म्हणून नाही. तिसरी शाखा खोबरेलवाल्यांची. डोक्यापासून बिजागरीपर्यंत सगळ्याला ते खोबरेलच लावतात. आता गंमत अशी की खोबरेल तेल २४ अंशांच्या आसपास गोठतं, आणि मापन करायच्या खोलीचं तापमान ठेवतात २० अंश. म्हणजे बाहेर लोण्यासारखा फिरणारा खोबरेलवाला मायक्रोमीटर त्या खोलीत नेला की आतल्या आत गोठून पुन्हा जागच्या जागी.

तिसरा आंबटपंथ. चिंच, लिंबू, व्हिनेगर, कोला. चिंचेने तांब्याचा बंब लखलखतो, हे खरं. आम्लाने गंज सुटतो, हेही खरं. पण आम्लाला कुठे थांबायचं ते कळत नाही. गंजाबरोबर ते घासून-पुसून आरसा केलेलं पोलादही खातं, आणि रेघांमधला काळा रंगही. हा उपचार झालेला मायक्रोमीटर दिसतो सुंदर. फक्त त्यावरचं माप वाचता येत नाही.

चौथा अग्निपंथ. गॅसकटर घेऊनच येतो. "तापवला की ढिला पडतो." पडतो ना. स्पिंडलचं कडकपण उतरतं, तोंडाला कार्बाइडची चकती डाखलेली असेल तर ती निसटून खाली पडते. सगळंच ढिलं.

याशिवाय एक पाचवा आवाज वरून येतो, साहेबांच्या केबिनमधून: "नवीन घेऊन टाका ना." त्यावर पर्चेस खातं म्हणतं, तीन कोटेशनं आणा. मायक्रोमीटर जिथल्या तिथे राहतो.

सगळ्यांचं बोलून झालं की आमच्या टूलरूमचे मामा चष्मा चढवत. मामा सगळ्यांचेच मामा. मॅनेजरही त्यांना मामाच म्हणे. ते पहिल्यांदा काहीच पिळत नसत. फ्रेमवरच्या लॉकची कळ अंगठ्याने उलटी सरकवून बघत. बऱ्याचदा प्रकरण तिथेच निकालात निघे आणि चारही पंथांचे अनुयायी अचानक कामाची आठवण होऊन पांगत.

लॉक निघूनही हलत नसेल तर मग खरी चिकित्सा. स्पिंडल जिथे फ्रेममध्ये शिरतो तिथे, लॉकच्या फटीत आणि थिंबलच्या मागच्या कडेशी पातळ तेलाचे थेंब सोडायचे आणि मायक्रोमीटर स्वच्छ फडक्यात गुंडाळून ठेवून द्यायचा. इथपर्यंत सगळे येतात. पुढची पायरी कठीण: वाट बघायची. रात्रभर. ती मात्र जमत नाही. तेल टाकल्यावर पाच मिनिटांनी "सुटला का, मामा?" म्हणून विचारायला येणारे निम्मे कामगार. मामा म्हणत, "तेलाला अजून पत्ता सापडलेला नाही."

दुसऱ्या दिवशी थिंबल दोन्ही तळव्यांत धरून थोडं ऊबदार करायचं आणि अगदी किंचित पुढे-मागे करायचं. एकाच दिशेला रेटायचं नाही. आज अर्धं घर, मग एक, मग तीन. एकदा फेरा पूर्ण झाला की उलट फिरवत फिरवत थिंबल स्पिंडलसकट मागून बाहेर काढायचं. हा क्षण बघण्यासारखा असे. मामा पांढऱ्या कागदावर स्पिंडल ठेवत आणि कागदावर कारखान्याचा इतिहास उतरे: वाळलेल्या तेलाचा तपकिरी चीक, कास्टिंगची काळी धूळ, तळहातावर मळलेल्या तंबाखूतला चुना आणि आट्यांच्या खोबणीत दडलेली कुंकवाची लालभडक रेघ. "हा दसऱ्याचा गुन्हा," मामा सांगत, "आणि हा चुना बी-शिफ्टचा."

मग जुना टूथब्रश आणि रॉकेल. आट्यांच्या खोबणीत सुती दोरा बसवायचा आणि स्पिंडल फिरवत तो ओढायचा. ब्रश पोहोचत नाही तिथला मळ दोऱ्याला लागून येतो. एमरी कागद खोलीतसुद्धा येऊ द्यायचा नाही. स्लीव्हच्या आत चिरा दिलेला नट असतो आणि त्याच्या निमुळत्या आट्यांवर एक कडी. कडी आवळली की चिरा मिटतात आणि नट स्पिंडलला सर्व बाजूंनी धरतो. जास्त आवळली तर पुन्हा 'जरा हार्ड', कमी आवळली तर स्पिंडल डुलतो. तेल शेवटी एकच थेंब, तोही सुईच्या टोकाने. आपल्याकडे तेल घालायचं म्हणजे खाली ओघळ दिसल्याशिवाय पटत नाही, त्यामुळे या एका थेंबावर मामांना दरवेळी भाषण द्यावं लागे.

तोंडं स्वच्छ करायला कापड नको, कारण धागे राहतात. कोरा कागद अनविल आणि स्पिंडलमध्ये हलकेच धरायचा आणि ओढून काढायचा. मग शून्य बघायचा. घर-अर्ध्या घराचा फरक असेल तर डबीत दिलेल्या छोट्या पान्याने स्लीव्ह किंचित फिरवून तो मिटवायचा. ती डबीतली किल्ली कशासाठी असते, हे ठाऊक नसलेले लोक तिने सोड्याच्या बाटल्या उघडताना मी पाहिले आहेत.

इथवर आलं की काम संपलं, असं वाटतं. संपत नाही. मायक्रोमीटर आता फिरतो, पण खरं बोलतो का? ते बघायला त्याला स्टँडर्ड रूममध्ये न्यावं लागतं. या खोलीत तापमान वर्षभर २० अंश असतं. १९३१ पासून जगभर लांबीचं माप २० अंशांना सांगायचं, असा करार आहे, कारण पोलाद उन्हाळ्यात फुगतं. एका मीटरला दर अंशामागे साधारण साडेअकरा मायक्रॉन. म्हणजे पुण्याच्या मे महिन्यात ३५ अंशांत मोजलेला १०० मिलिमीटरचा जॉब या खोलीत आणला की १७ मायक्रॉनने आखडतो. आणि मे महिन्यातच सगळ्या कारखान्याला अचूकतेची ओढ लागते. वेल्डर, पेंटर, वॉचमन, ज्यांच्या कामात फुटपट्टीही जास्त अचूक ठरावी असे लोक "एवढं माप बघायचं होतं" म्हणून स्टँडर्ड रूममध्ये ठाण मांडून बसतात. त्यांच्या अंगाच्या उबेने खोलीचं तापमान वाढतं, आणि ज्या कारणासाठी खोली थंड ठेवली त्याचीच वाट लागते. म्हणून दारावर पाटी असते. पाटी वाचायलाही दार उघडून आतल्या उजेडात यावं लागतं.

तपासणी स्लिप गेजने होते. पोलादाच्या या ठोकळ्यांची कल्पना स्वीडनच्या कार्ल एडवर्ड योहान्सन यांनी १८९६ साली काढली. शून्य ते २५ च्या मायक्रोमीटरसाठी जे ठोकळे लावतात त्यांची मापं विचित्र असतात: २.५, ५.१, ७.७, १०.३, १२.९, १५, १७.६, २०.२, २२.८ आणि २५. सरळ पाच, दहा, पंधरा का नाही? कारण दरवेळी पूर्ण मापं घेतली तर थिंबल प्रत्येक वेळी शून्याच्याच रेघेवर थांबेल आणि फेऱ्याच्या मधल्या चुका कधी पकडल्या जाणार नाहीत. ही विषम मापं थिंबलला फेऱ्याच्या वेगवेगळ्या जागी अडवून जबानी घेतात. पुढे काचेची चकती तोंडावर ठेवून प्रकाशाच्या पट्ट्या मोजतात. पट्ट्या सरळ आणि समांतर आल्या की तोंड सपाट; वेड्यावाकड्या आल्या की कुठे तरी कुणी तरी एमरी कागद वापरलेला असतो, आणि तो मी नव्हेच असं सगळे सांगतात.

जे मायक्रोमीटर या परीक्षेत नापास होतात त्यांना लाल स्टिकर लागतो: 'वापरू नये'. लाल स्टिकर लागलेला मायक्रोमीटर आठवड्याभरात क्लॅम्प म्हणून वापरात येतो. म्हणजे ज्या कामामुळे तो बिघडला, त्याच कामावर त्याची अधिकृत नेमणूक होते. जे पास होतात त्यांच्यावर हिरवा स्टिकर आणि पुढच्या तपासणीची तारीख येते. ती तारीख उलटून गेल्यावर सगळ्यांच्या लक्षात येते, ऑडिटर गेटवर आल्यावर.

एवढं सगळं बघून माझं मत पक्कं झालं आहे. मायक्रोमीटर आपणहून कधी जाम होत नाही. त्याला जाम करणारी माणसं असतात आणि सोडवायला येणारीही तीच. त्याला जोर नको असतो, सल्ले तर मुळीच नको असतात. एक थेंब तेल आणि एक रात्र एवढंच तो मागतो; पण या दोन्ही गोष्टी आपल्याकडे मोजून द्यायची पद्धत नाही. तेल आपण जास्त देतो आणि रात्र देतच नाही.

तेव्हा घरात किंवा कारखान्यात ज्यांच्याकडे मायक्रोमीटर असेल त्यांना एकच विनंती. येत्या खंडेनवमीला त्याची पूजा जरूर करा. त्याने वर्षभर इमानाने काम केलेलं असतं. फक्त हळदकुंकू डबीच्या झाकणाला लावा, फूलही झाकणावरच ठेवा, आणि आतला मायक्रोमीटर पुसून, थोडी फट ठेवून, लॉक न लावता ठेवा. पूजा पोहोचते.